आधी श्याम, मग साने गुरुजी

२४ डिसेंबर जवळ आला की बऱ्याच शाळांत साने गुरुजींची तसबीर पुसून टेबलावर मांडली जाते. दोन-तीन मुले पाठ केलेले भाषण म्हणतात: जन्म १८९९, गाव पालगड, जिल्हा रत्नागिरी, आईचे नाव यशोदा, वडिलांचे सदाशिवराव. टाळ्या होतात आणि मुले वर्गात परततात. त्यांच्यापैकी किती जणांनी ‘श्यामची आई’मधली एखादी तरी गोष्ट पूर्ण ऐकली आहे, हे त्याच दिवशी विचारून पाहा. चौथी ते आठवीच्या मुलांशी रोजचा संबंध असलेल्या शिक्षकांसाठी, ग्रंथपालांसाठी आणि आईबाबांसाठी हा लेख आहे. सांगायचे आहे ते इतकेच, की क्रम बदला. आधी श्यामची आणि मुलांची गट्टी जमू द्या. गुरुजींविषयी मुले आपणहून विचारू लागतील, तेव्हा चरित्र सांगा.

याचे कारण पुस्तकातच आहे. ‘श्यामची आई’ हे नाव ऐकून मुलांना वाटते, की यात एक शहाणा, आज्ञाधारक मुलगा असणार आणि आपल्याला त्याच्यासारखे व्हायला सांगितले जाणार. प्रत्यक्षातला श्याम भित्रा आहे, हट्टी आहे, लाजाळू आहे. पाण्याला घाबरून तो लपून बसतो. पुस्तके हवीत म्हणून पैसे चोरतो. आंघोळीनंतर ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून आईला लुगड्याचे ओचे पसरायला लावतो. चुकणारा मुलगा भेटला, की वर्गातली मुले सावरून बसतात. आदर्श बालकाविषयी ऐकताना ती खिडकीबाहेर पाहू लागतात.

म्हणून सुरुवात बाराव्या रात्रीपासून करावी, असे मला वाटते. पुस्तकातली प्रकरणे म्हणजे ‘रात्री’ आहेत. आश्रमात संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर मोठा झालेला श्याम सोबत्यांना आईच्या आठवणी सांगतो, अशी रचना आहे आणि अशा एकूण ४२ रात्री आहेत. बारावीचे नाव ‘श्यामचे पोहणे’. गावातली सगळी मुले विहिरीत पोहायला शिकतात, श्याम मात्र टाळाटाळ करतो आणि दडून बसतो. आई त्याला शोधून काढते, शिंपटीने मारते आणि विहिरीवर धाडते. तो पोहून घरी येतो, तेव्हा तीच आई त्याच्या अंगावरचे वळ पाहून कळवळते आणि त्याला दही वाढते. प्रत्येक वर्गात पाण्याला, अंधाराला, कुत्र्याला किंवा फळ्यासमोर उभे राहण्याला घाबरणारी मुले असतात. गोष्ट संपल्यावर त्यांना फक्त एवढेच विचारा, की आईने मारले ते बरोबर केले का. वाद होऊ द्या. काही मुले आईच्या बाजूने बोलतील, काही ठामपणे विरोधात. निकाल तुम्ही देऊ नका. मात्र कोणी मोठे माणूस मारते असे एखादे मूल सांगू लागले, तर गोष्ट तिथेच ठेवा आणि नंतर त्या मुलाशी एकट्याने, शांतपणे बोला.

दुसरी गोष्ट कोणती घ्यायची ते मुलांच्या वयावर ठरवा. चौथी-पाचवीसाठी ‘मुकी फुले’ उत्तम. पूजेला फुले मिळावीत म्हणून मुले चढाओढीने कळ्याच तोडून आणतात आणि आई म्हणते, फुलांना झाडावर उमलू द्यावे. ‘भूतदया’मध्ये घरट्यातून पडलेले पिल्लू वाचवायची मुलांची धडपड आहे, आणि ते पिल्लू वाचत नाही. ही गोष्ट लहानांना फार भिडते, कारण असे पिल्लू बहुतेकांनी पाहिलेले असते. ‘पत्रावळ’ घेतलीत तर वर्गात खरोखर पाने आणि चोया आणून पत्रावळ लावायला बसवा. पळसाची, वडाची, जी मिळतील ती पाने चालतील. श्यामला ती येत नव्हती आणि त्याला लाज वाटली, हे मुलांच्या बोटांना कळते. सहावी-सातवीला ‘बंधुप्रेमाची शिकवण’ द्या. दापोलीला शिकणारा श्याम खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावासाठी कोट शिवून घेतो आणि पावसात चालत घरी पोहोचतो. आणि ‘मोठा होण्यासाठी चोरी’ कुठल्याही वर्गात चालते. पुस्तकांसाठी केलेली चोरी ही चोरीच का, यावर मुले तास संपल्यावरही भांडत राहतात.

आता वाचायचे कसे ते सांगतो, कारण इथेच बहुतेक ठिकाणी बिनसते. मुलांच्या हातात पुस्तक देऊन ‘मनातल्या मनात वाचा’ असे सांगू नका. या गोष्टी सांगण्यासाठी, कोणाच्या तरी आवाजात ऐकण्यासाठी रचलेल्या आहेत. तुम्ही वाचा, आणि आदल्या रात्री घरी एकदा मोठ्याने वाचून बघा. गुरुजी मधेच गोष्ट थांबवून उपदेश करतात, कधी परिच्छेदच्या परिच्छेद. मोठ्या वाचकाला त्यात त्यांचे हृदय दिसते. दहा वर्षांच्या मुलाचे लक्ष मात्र उडते. पहिल्या वाचनात हे भाग सोडून द्यायला काहीच हरकत नाही. मूळ वाक्ये मात्र बदलू नका. ‘सोप्या भाषेत’ केलेल्या संक्षिप्त आवृत्त्या बाजारात भरपूर आहेत, त्यांच्यात बहुधा घटना उरतात आणि गुरुजींची लय जाते. लेखकाच्या निधनाला साठ वर्षे उलटून गेली असल्याने या पुस्तकावरचा स्वामित्वहक्क संपलेला आहे. त्यामुळे एखाद्या रात्रीच्या प्रती काढून मुलांना वाटायला अडचण नाही, आणि पूर्ण पुस्तकही अगदी थोड्या पैशांत मिळते. विकत घेताना पाने चाळून बेचाळीसही रात्री आहेत ना, एवढे पाहून घ्या.

एका तासाला एकच गोष्ट. तिच्यानंतर प्रश्नपत्रिका नको, ‘या पाठातून काय बोध मिळतो’ हा प्रश्न तर मुळीच नको. माणूस मनापासून बोलत असताना ऐकणाऱ्याच्या हाती कोणी चाचणी देत नाही. वर्गात घटकाभर शांतता पसरली तर ती राहू द्या. मुले रडली पाहिजेत असाही आग्रह नको. या पुस्तकाने पिढ्यान् पिढ्या डोळे ओले केले आहेत हे खरे. पण काही शिक्षक मुलांच्या डोळ्यांत पाणी आणणे हेच तासाचे यश मानतात, आणि मुले ते ओळखतात. मग जी रडत नाहीत त्यांना आपल्यातच काही उणे आहे असे वाटू लागते.

शब्द अडतील. ओटी, पडवी, माजघर, परसू, सोवळे, खोत, मोळी. प्रत्येक शब्दाला थांबून अर्थ सांगत बसलात तर गोष्ट मरते. त्यापेक्षा पहिल्या गोष्टीच्या आधी फळ्यावर कोकणातल्या घराचा आराखडा काढा: पुढे अंगण आणि तुळस, मग ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागे परसू, विहीर, गोठा. पुढच्या प्रत्येक गोष्टीत माणसे या घरात कुठे उभी आहेत ते मुलांनीच दाखवायचे. विदर्भातल्या किंवा मराठवाड्यातल्या मुलांना हे घर जितके नवे आहे तितकेच ते मुंबईतल्या इमारतीत वाढलेल्यांना आहे. परदेशातल्या शनिवार-रविवारच्या मराठी शाळांत तर या आराखड्यानेच अर्धे काम होते.

काही ठिकाणी जपून पावले टाकायची आहेत. सगळ्यात आधी वर्गातल्या मुलांची घरे माहीत करून घ्या. कोणाची आई नसेल, कोणी आजीपाशी किंवा वसतिगृहात राहत असेल, कोणाच्या घरी आईवडील वेगळे झाले असतील. अशा वर्गात ‘माझी आई’ या विषयावर निबंध लिहायला लावणे निष्ठुरपणाचे आहे. ‘माझ्यावर माया करणारे माणूस’ असा विषय द्या. त्यात आजी येते, काका येतो, शेजारच्या काकू येतात. अडतिसाव्या रात्रीपासून आईचे शेवटचे आजारपण आणि मृत्यू येतो. हा भाग चौथी-पाचवीला वाचून दाखवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कर्ज, जप्ती, दवंडी यांच्या रात्रीही सातवी-आठवीपर्यंत थांबू शकतात. शेतकरी कुटुंबांतल्या मुलांना मात्र त्या वयात त्या जरूर ऐकवा. त्यांतली ‘अब्रूचे धिंडवडे’ ऐकताना आपल्या घरात घडणारे कोणी तरी खूप आधी लिहून ठेवले आहे, हे त्यांना समजते.

दुसरी जपायची जागा ‘देवाला सारी प्रिय’ ही पंचविसावी रात्र. डोक्यावरून पडलेली लाकडांची मोळी एका म्हाताऱ्या दलित बाईला उचलवत नाही. आई श्यामला तिला हात द्यायला पाठवते आणि घरी येऊन आंघोळ कर, असेही सांगते. तुमच्या वर्गातली एखादी मुलगी विचारेल, आंघोळ कशाला? हा प्रश्न झाकू नका. तो आला नाही तर तुम्हीच काढा. त्या काळी शिवाशीव पाळली जात असे, ती अन्यायाची होती, आणि श्यामची आई तिच्यातून पूर्ण बाहेर पडलेली नव्हती; तिने एक पाऊल टाकले होते. मुलांशी एवढे स्वच्छ बोलता येते. त्याच वेळी गोष्टीतले जातिवाचक शब्द वर्गात कसे वाचायचे हे आधी ठरवून ठेवा; कोणत्याही मुलाला मान खाली घालावी लागता कामा नये.

आणि इथेच गुरुजींच्या चरित्राचे दार उघडते. पुढचे पाऊल कोणी टाकले? श्यामने, मोठेपणी. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात दलितांना प्रवेश नव्हता. त्यासाठी गुरुजी गावोगाव फिरले आणि १९४७च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषणाला बसले. मंदिर खुले झाले. स्वातंत्र्य त्यानंतर तीन महिन्यांनी आले. मोळी उचलून देणारा मुलगा आणि उपोषणाला बसलेला माणूस एकच आहे हे कळल्यावर मुलांच्या चेहऱ्यांवर जे उमटते, ते जयंतीच्या भाषणाने कधीच उमटत नाही.

तीन-चार गोष्टी झाल्या की मुले हमखास विचारतात, हे सगळे खरे घडले का? श्याम म्हणजे कोण? सांगा, की लेखकाचे नाव पांडुरंग सदाशिव साने, आणि श्यामचे लहानपण बरेचसे त्यांचेच आहे. आई १९१७ साली गेली, तेव्हा ते शिकायला दूर होते. शेवटची भेट झाली नाही. मग मुले विचारतील, पुस्तक कधी लिहिले, कुठे बसून लिहिले? उत्तर त्यांना चकित करते: तुरुंगात. १९३३च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या कारागृहात, अवघ्या काही दिवसांत त्यांनी या आठवणींचा मोठा भाग झरझर लिहून काढला. देशासाठी तुरुंगात गेलेला माणूस तिथे बसून आईविषयी लिहितो, यावर मुलांना जरा बोलू द्या. सातवी-आठवीला आणखी एक सांगता येईल. त्याच्या आदल्या वर्षी, १९३२मध्ये, धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे गीतेवर प्रवचने देत आणि गुरुजी ती टिपून घेत. ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ आपल्यापर्यंत आला तो त्या लेखणीमुळे.

जन्म-मृत्यूची सनावळी देण्यापेक्षा भिंतीवर नकाशा लावा. पालगड आणि दापोली. मग औंध, जिथे गरिबीमुळे ते शिकायला गेले. मग पुणे. मग खानदेशातले अमळनेर, जिथे १९२४पासून प्रताप हायस्कूलमध्ये ते शिक्षक झाले. पुढे धुळे, नाशिक, दक्षिणेतले त्रिचनापल्ली हे तुरुंग. मग पंढरपूर आणि मुंबई. प्रत्येक गावाला मुलांनी एक चिठ्ठी चिकटवायची आणि तिथे काय घडले ते एका ओळीत लिहायचे. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात वेगवेगळ्या भाषा बोलणारे सत्याग्रही एकत्र होते. भारतातल्या लोकांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, हा जो ध्यास गुरुजींनी पुढे ‘आंतरभारती’ या नावाने घेतला, त्याची मुळे या दिवसांत आहेत. वर्गात तेलुगू, कन्नड, हिंदी किंवा उर्दू बोलणारी मुले असतील, तर हीच वेळ आहे: त्यांच्या भाषेतली एखादी गोष्ट त्यांनी सांगावी आणि इतरांनी तिच्यातले चार शब्द शिकावेत.

अमळनेरपाशी सगळ्यात जास्त रेंगाळा. मुलांना गुरुजी समजायचे असतील तर ते तिथेच. ते वसतिगृहात मुलांबरोबर राहत, त्यांच्या खोल्या आवरत, त्यांचे कपडे धूत. आणि त्यांच्यासाठी हाताने लिहिलेले दैनिक काढत. त्याचे नाव ‘छात्रालय’. छापखाना नाही, पैसे नाहीत. रोज नवा मजकूर लिहायचा आणि मुलांच्या डोळ्यांसमोर ठेवायचा. १९३०मध्ये सत्याग्रहासाठी त्यांनी ही नोकरी सोडली.

हे सांगून झाले की वर्गाचे दैनिक सुरू करा. एक कोरा ताव, दोन पेन, भिंतीवर एक जागा. रोज दोन मुलांनी ते लिहायचे: काल काय घडले, कोणी काय वाचले, शाळेच्या आवारात कोणता पक्षी दिसला, डबा कोणी वाटून खाल्ला. शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईने खुणावू नका, शेजारी बसून दुरुस्त करा. सुरुवातीचे अंक नीरस निघतील, मुले ‘आज खूप ऊन होते’ एवढेच लिहितील. तुम्हीही त्यात रोज चार ओळी लिहा, मनापासून लिहा. शिक्षक लिहितो हे पाहिल्यावरच मुले लिहू लागतात. लेखकाची ओळख करून देण्याचे याहून चांगले साधन मला माहीत नाही, कारण इथे मूल लेखकाने केलेले काम स्वतः करते.

चित्रपट दाखवायचा असेल तर वाचनानंतर दाखवा. आचार्य अत्र्यांचा ‘श्यामची आई’ १९५३चा. पहिल्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. वनमाला यांनी आईचे काम केले आणि माधव वझे यांनी श्यामचे. आधी पडदा दाखवला तर मुलांच्या मनातला श्याम तयारच होत नाही. नंतर दाखवलात तर ती स्वतःच तुलना करतात: ही गोष्ट गाळली, ही वेगळी दाखवली. पूर्ण चित्रपट एका बैठकीत दाखवण्याचा अट्टहास नको. वाचलेल्या गोष्टींचे प्रसंग पुरेत.

एक प्रश्न मात्र असा आहे, की बरेच शिक्षक त्याच्यापाशी अडतात. गुरुजी कसे गेले? ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःचे जीवन संपवले. लहान मुलांना तारीख आणि ‘ते पन्नास वर्षांचे होते’ एवढे पुरते. मोठ्या मुलांनी थेट विचारले तर खोटे बोलू नका आणि तपशीलही सांगू नका. ते मनाने फार दुखावले, थकले होते आणि त्या दुःखात त्यांनी आपला जीव घेतला, असे साध्या शब्दांत सांगा. त्यात त्याग किंवा मोठेपण आहे असे सुचवणारे एक वाक्यही तोंडातून जाऊ देऊ नका. इतके दुःख झाले तर माणसाने कोणाशी तरी बोलावे, मदत मागावी, आणि तुमचे ऐकायला मी आहे, हे त्याच दमात सांगा. नंतरच्या दिवसांत कोणते मूल गप्प झाले आहे का, याकडे लक्ष असू द्या.

यानंतर पुढची पुस्तके. बरीच मुले ‘श्यामची आई’पाशीच थांबतात, कारण गुरुजींनी आणखी काही लिहिले आहे हे त्यांना कोणी सांगतच नाही. ‘श्याम’, ‘धडपडणारा श्याम’ आणि ‘श्यामचा जीवनविकास’ यांत श्यामची पुढची वाटचाल आहे. आठवीतल्या वाचणाऱ्या मुलांना ती द्या. ‘गोड गोष्टी’ या मालेत त्यांनी जगभरच्या कथा मराठी मुलांसाठी सांगितल्या आहेत. त्यांतली ‘मनूबाबा’ इंग्रज लेखिका जॉर्ज इलियट यांच्या कादंबरीवरून घेतली आहे, आणि ती आजही एका दमात ऐकली जाते. ‘सुंदर पत्रे’ मला स्वतःला फार प्रिय. सुधा या पुतणीला लिहिलेली ही पत्रे आहेत. त्यांत झाडे, पाऊस, पुस्तके, देशातल्या घडामोडी असे सगळे येते. १९४८च्या १५ ऑगस्टला सुरू केलेल्या ‘साधना’ साप्ताहिकाचे काम करत असतानाही हा माणूस एका मुलीला पानेच्या पाने लिहीत होता. यातले एक पत्र वाचून दाखवा आणि मुलांना दूरच्या कोणाला तरी खरे पत्र लिहू द्या. पाकीट, पत्ता, तिकीट, सगळे त्यांनीच करायचे आणि पेटीत टाकायला तुम्ही सोबत जायचे.

ग्रंथालयात या पुस्तकांच्या एकेकच प्रती असतील तर त्या कपाटात कुलपाखाली ठेवू नका. वर्गातल्या एका फळीवर ठेवा, शेजारी वही ठेवा, आणि कोणी कोणते पुस्तक घरी नेले याची नोंद मुलांनाच करू द्या. पाने दुमडतील, एखादी प्रत हरवेलही. नवी आणता येते. फळी मांडली की त्या दिवशी ‘मोठा होण्यासाठी चोरी’ पुन्हा एकदा वाचायला घ्या.